आल्डो लिओपोल्ड: एका उंच रानफुलामागे लागलेले कृषी प्राध्यापक

सूर्यफूल घेणाऱ्यांना एक शिफारस तोंडपाठ असते. पीक फुलोऱ्यात आले की सकाळच्या वेळी हाताला तलम कापड गुंडाळून प्रत्येक फुलाच्या तबकावरून हळुवार हात फिरवायचा, म्हणजे दाणे चांगले भरतात. मी स्वतः हा सल्ला कित्येक वर्षे देत आलो आहे. पण हे काम मुळात मधमाश्यांचे आहे. ते आपल्याला करावे लागते, याचा अर्थ शेताभोवती मधमाश्या पुरेशा उरलेल्या नाहीत. त्या का उरल्या नाहीत, याचे एक उत्तर आपल्या बांधावर आहे. तो बांध तणनाशक मारून स्वच्छ ठेवा, हा सल्लाही मीच एकेकाळी देत होतो.

सूर्यफुलाचे मूळ घर उत्तर अमेरिका. तिथे सूर्यफुलाच्या कुळातली, माणसाहून उंच वाढणारी, वर्षानुवर्षे एकाच जागी टिकणारी रानफुले आहेत. एकेकाळी त्यांची लाखो एकर कुरणे होती. ती नांगराखाली आणि कापणी यंत्राखाली गेल्यावर, त्यातल्या एका फुलाच्या मागे लागून सबंध समाजाला जमिनीकडे नव्याने बघायला लावणारा माणूस म्हणजे आल्डो लिओपोल्ड. वनाधिकारी, कृषी महाविद्यालयातले प्राध्यापक आणि शेवटी एका निकस शेताचे मालक, असा त्यांचा प्रवास. या लेखात त्यांचे चरित्र आणि त्यांनी अभ्यासलेल्या रानफुलाची माहिती एकत्रच देत आहे, कारण ती दोन्ही वेगळी करता येत नाहीत.

बालपण आणि शिक्षण

लिओपोल्ड यांचा जन्म ११ जानेवारी १८८७ रोजी आयोवा राज्यातील बर्लिंग्टन या गावी झाला. गाव मिसिसिपी नदीच्या काठावर, उंच कड्यावर वसलेले. घराणे मूळ जर्मन. वडील कार्ल यांचा अक्रोडाच्या लाकडाची लिहिण्याची टेबले बनवण्याचा कारखाना होता. वडिलांना शिकारीचा नाद होता, पण शिस्तही होती. वसंतात पाणपक्षी घरट्यांकडे परततात, म्हणून त्या काळात त्यांची शिकार करायची नाही, हा नियम त्यांनी कायदा येण्याआधीच स्वतःला घालून घेतला होता. आई क्लारा यांना बागेची आवड. आल्डो हे थोरले. नदीकाठच्या दलदलीत भटकणे आणि पाहिलेले लिहून ठेवणे ही सवय त्यांना लहानपणीच लागली आणि ती मरेपर्यंत सुटली नाही.

पुढे ते येल विद्यापीठात वनशास्त्र शिकले आणि १९०९ मध्ये पदव्युत्तर पदवी घेऊन अमेरिकेच्या वनखात्यात रुजू झाले. नेमणूक झाली नैऋत्येकडच्या ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या कोरड्या, डोंगराळ प्रदेशात.

कोरड्या प्रदेशातले दोन धडे

त्या काळी वनखात्याच्या दृष्टीने लांडगा म्हणजे शत्रू. लांडगे कमी झाले की हरणे वाढतील, असे सरळ गणित. नोकरीच्या पहिल्याच वर्षी लिओपोल्ड यांनी एका लांडगीवर गोळी झाडली आणि तिला डोळ्यांसमोर मरताना पाहिले. पुढे लांडगे संपलेल्या डोंगरांवर हरणे इतकी वाढली की त्यांनी झुडपे, रोपे, कोवळ्या फांद्या सगळे खाऊन टाकले आणि मग तीच उपाशी मरू लागली. एक जीव काढून टाकला की बाकीचा हिशेब जागेवर राहत नाही, हा पहिला धडा. तो पूर्ण उमगायला त्यांना तीसेक वर्षे लागली.

दुसरा धडा मातीचा. जनावरांनी गवत मुळापासून चरलेल्या खोऱ्यांमध्ये त्यांनी ओघळींचे नाले आणि नाल्यांच्या दऱ्या होताना पाहिल्या. नदीकाठच्या सुपीक पट्ट्या वाहून गेल्या आणि तिथली कुटुंबे शेती सोडून निघून गेली. वर दिसणारे गवत गेले म्हणजे केवळ चारा गेला असे नव्हे, जमीन धरून ठेवणारे मूळ गेले, हे त्यांच्या लक्षात आले.

१९१२ मध्ये त्यांचा इस्टेला बर्जेर यांच्याशी विवाह झाला. १९१३ मध्ये फिरतीवर असताना पावसा-गारपिटीत सापडून त्यांना मूत्रपिंडाचा गंभीर आजार जडला. ते मरता मरता वाचले आणि वर्षाहून जास्त काळ घरी पडून राहिले. पुढे त्यांच्याच आग्रहाने न्यू मेक्सिकोतला हिला नदीच्या उगमाकडचा मोठा वनप्रदेश १९२४ मध्ये रस्ते व बांधकामापासून राखून ठेवण्यात आला. त्याच वर्षी त्यांची बदली विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन शहरी झाली आणि त्यांच्या आयुष्याचा शेतीशी जोडलेला भाग सुरू झाला.

शेतकऱ्यांच्या कुंपणाकडे

मॅडिसनला ते आधी लाकूड संशोधन प्रयोगशाळेत होते. त्यांचे मन तिथे रमले नाही. १९२८ मध्ये ती नोकरी सोडून त्यांनी मध्य-उत्तरेकडील राज्यांत फिरून वन्यजीवांची पाहणी केली. मैलोन् मैल शेते बघितल्यावर त्यांना दिसले ते असे: पक्षी आणि लहान प्राणी टिकून आहेत ते शेताच्या कडेला, कुंपणाच्या कोपऱ्यात, ओढ्याच्या काठी, म्हणजे नांगर पोहोचत नाही अशा जागी. जिथे कुंपणापर्यंत नांगरट झाली, तिथे काही उरलेले नाही.

१९३१ मध्ये मॅडिसनजवळच्या रायली या खेड्यात त्यांनी शेतकरी आणि शहरातली मित्रमंडळी यांची एक सहकारी योजना उभी केली. शहरवाल्यांनी खर्च उचलायचा, शेतकऱ्यांनी शेताच्या कडा राखायच्या आणि हिवाळ्यात पक्ष्यांना दाणा टाकायचा. १९३३ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक नेमले, तेही कृषी अर्थशास्त्र विभागात. वन्यजीव व्यवस्थापन या विषयाचे देशातले हे पहिले प्राध्यापकपद. त्याच वर्षी कून व्हॅली येथे देशातला पहिला पाणलोट आधारित मृदसंधारण प्रकल्प सुरू झाला आणि लिओपोल्ड त्याचे एक सल्लागार होते. समतल पट्ट्यांची शेती, ओघळींना कुंपण, उतारावर चराईबंदी या गोष्टी आज आपल्याला परिचित आहेत. तिथे त्या वेळी त्या नव्या होत्या.

प्राध्यापक म्हणून ते विद्यापीठाच्या रेडिओवरून शेतकऱ्यांसाठी बोलत आणि राज्यातल्या शेतीविषयक पत्रात छोटे लेख लिहीत. शेताच्या एखाद्या कोपऱ्यात रानफुले राहू द्या, असे ते त्यातून सांगत. आज आम्ही या संकेतस्थळावर जे काम करतो, तेच ते तेव्हा करत होते.

प्रेअरी कशी गेली?

आता ज्या रानफुलाबद्दल सांगायचे आहे, त्याचे घर समजून घेऊ. अमेरिकेच्या मध्यभागातील उंच गवताच्या कुरणाला प्रेअरी म्हणतात. त्यात डोक्याएवढे गवत आणि त्यातून वर येणारी पिवळी, जांभळी, पांढरी बहुवर्षायू रानफुले असत. एकदा उगवलेले झाड दरवर्षी हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळते आणि वसंतात जुन्याच मुळांवर पुन्हा फुटते. वाढीचा मोठा भाग जमिनीखाली असतो. ही मुळे हजारो वर्षे मरत, कुजत आणि नवी येत राहिली, त्यातून तिथली काळी, सेंद्रिय कर्बाने भरलेली माती तयार झाली.

हीच माती प्रेअरीच्या नाशाचे कारण ठरली. १८३७ मध्ये जॉन डीअर या लोहाराने पोलादी नांगर बनवला आणि चिकट, मुळांनी विणलेली ती जमीन फोडणे सोपे झाले. एका पिढीत कुरणांची मक्याची आणि गव्हाची शेते झाली. लिओपोल्ड यांच्या जन्मगावाच्या आयोवा राज्यात आज मूळ प्रेअरीचा हजारातला एक भागही शिल्लक नाही.

जी थोडी वाचली, ती चुकून वाचली. रेल्वेने रुळांच्या दोन्ही बाजूंना कुंपण घातले, त्याच्या आत नांगर आला नाही. गावाच्या जुन्या दफनभूमीत कोणी शेती केली नाही. आपल्याकडे देवराईत झाडे राहिली, तशी तिकडे कबरींच्या आणि रुळांच्या कडेला रानफुले राहिली.

कबरीजवळचे फूल

विद्यापीठातून आपल्या शेताकडे जाताना लिओपोल्ड यांच्या वाटेवर अशी एक त्रिकोणी दफनभूमी लागे. तिच्या एका टोकाला, कुंपणामुळे विळा किंवा यंत्र पोहोचत नसे अशा जागी, जेमतेम एक वार लांब-रुंद तुकडा मूळ प्रेअरीचा उरला होता. दर जुलैमध्ये तिथे माणसाएवढा दांडा उभा राही आणि त्याला बशीएवढी पिवळी फुले लागत. सिल्फियम नावाच्या वनस्पतीचे, त्या रस्त्यावर उरलेले ते शेवटचे ठिकाण होते.

लिओपोल्ड दरवर्षी तिच्या पहिल्या फुलाची तारीख लिहून ठेवत. सहा वर्षांची सरासरी होती १५ जुलै. एका वर्षी फूल आठवडाभर उशिरा, २४ जुलैला दिसले. ३ ऑगस्टला ते पुन्हा त्या रस्त्याने गेले, तेव्हा रस्त्याच्या कामगारांनी कुंपण काढलेले होते आणि सिल्फियम कापलेले होते.

ज्यांनी कापले त्यांचा काही दुष्ट हेतू नव्हता. त्यांनी रस्त्याची कड स्वच्छ केली, एवढेच. रस्ते खात्याच्या हिशेबाने फुलोऱ्याच्या तीन महिन्यांत त्या रस्त्यावरून एक लाख गाड्या जात. त्यातल्या फार थोड्या लोकांना तिथे काही होते हे ठाऊक असेल. लिओपोल्ड यांना खरी खंत याची होती. पुढची काही वर्षे ते झाड यंत्राच्या वर डोके काढायचा प्रयत्न करील आणि मग मरेल, हे त्यांना दिसत होते. त्या जागी सबंध इतिहास संपणार होता आणि कोणाला चुकल्यासारखेही वाटणार नव्हते.

सिल्फियमची ओळख

लिओपोल्ड यांच्या या वनस्पतीचे शास्त्रीय नाव सिल्फियम लॅसिनिएटम. इंग्रजीत तिला होकायंत्राची वनस्पती म्हणतात.

- उंची: साधारण ५ ते १० फूट. दांडा केसाळ, कापल्यावर त्यातून डिंकासारखा चीक येतो.
- पाने: मोठी, खोलवर कातरलेली, बुडापाशी उभी राहणारी. बहुतेक पानांच्या कडा उत्तर-दक्षिण रोखलेल्या असतात, म्हणून हे नाव पडले. सकाळ-संध्याकाळचे ऊन पानाच्या सपाट अंगावर पडते आणि दुपारचे कडक ऊन कडेवर पडते. त्यामुळे पाण्याचा खर्च वाचतो.
- फुले: दिसायला सूर्यफुलासारखी, पण फरक आहे. सूर्यफुलात मधल्या बारीक फुलांना दाणे धरतात आणि कडेच्या पिवळ्या पाकळ्या वांझ असतात. सिल्फियममध्ये उलट आहे. दाणे कडेच्या फुलांना धरतात, मधली फुले परागकण पुरवतात.
- मूळ: जाड, सरळ खाली जाणारे सोटमूळ. खोल जमिनीत ते १० ते १५ फूट जाऊ शकते.
- आयुष्य: अनेक दशके, काही झाडे शतकाच्या आसपास जगत असावीत असा अंदाज आहे.
- उपयोग: मधासाठी आणि परागासाठी जंगली मधमाश्या व भुंगे येतात, फुलपाखरे येतात. दाणे पक्षी खातात. वाळलेल्या दांड्यात बारीक गांधीलमाश्यांच्या काही जातींच्या अळ्या हिवाळा काढतात.

हिचीच एक बहीण आहे, सिल्फियम परफोलिएटम. तिची समोरासमोरची पाने दांड्याभोवती जुळून वाटी तयार होते. पावसाचे पाणी त्या वाटीत साचते आणि लहान पक्षी ते पितात.

एक गोष्ट लक्षात घ्या. मधाच्या पेटीतली युरोपीय मधमाशी अमेरिकेत वसाहतवाल्यांनी नेली. त्याआधी हजारो वर्षे या फुलांचे परागीभवन तिथल्या जंगली माश्याच करत होत्या. त्यांतल्या अनेक जाती जमिनीत किंवा वाळक्या दांड्यात एकेकट्या घर करतात. त्यांना पेटी देता येत नाही, त्यांना जागाच द्यावी लागते.

लावून पाहिले तेव्हा

कापलेले झाड पाहून लिओपोल्ड यांनी आपल्या शेतावर सिल्फियम आणायचे ठरवले. हे शेत म्हणजे विस्कॉन्सिन नदीकाठची सुमारे ८० एकर वाळूची, पिके घेऊन घेऊन निकस झालेली जमीन. ती त्यांनी १९३५ मध्ये घेतली. मूळचे घर जळून गेलेले, उरले होते कोंबड्यांचे एक खुराडे, तेही शेणाने भरलेले. ते साफ करून कुटुंबाने राहण्याजोगे केले. पती-पत्नी आणि पाच मुले शनिवार-रविवारी तिथे जाऊन झाडे लावत. १९३६ च्या दुष्काळात त्यांनी लावलेली पाइनची बहुतेक रोपे मेली. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा लावली, आणि नंतर दरवर्षी लावत राहिले.

सिल्फियमचे अख्खे झाड मुळासकट उपटून आणावे, म्हणून ते खणायला बसले. ते काम एखाद्या मोठ्या झाडाचा बुंधा काढण्यासारखे निघाले. बराच वेळ घाम गाळल्यावर उभ्या, भल्या मोठ्या रताळ्यासारखे मूळ दिसू लागले, पण त्याचे टोक काही हाती लागले नाही. दुष्काळात हे झाड का मरत नाही, याचे उत्तर मात्र त्या खड्ड्यात मिळाले.

मग त्यांनी बी पेरले. बी मोठे, गराचे, चवीला सूर्यफुलाच्या दाण्यासारखे. ते उगवलेही लवकर. पण पाच वर्षे वाट पाहिली तरी रोपे लहानच होती आणि एकाही रोपाने फुलाचा दांडा काढला नाही. लिओपोल्ड यांनी त्यावरून असा निष्कर्ष काढला की फुलायच्या वयाला यायलाच या वनस्पतीला बहुधा दहा वर्षे लागत असावीत. मग कबरीजवळचे ते झाड किती वर्षांचे असेल? दफनभूमीतला सर्वांत जुना दगड १८५० चा होता. झाड कदाचित त्याहूनही जुने असेल.

आपण पीकवाले लोक, १०० ते १२० दिवसांत हिशेब मांडतो. या प्रयोगाचा हिशेब तसा मांडून पाहा. कापायला एक मिनिट पुरले. पुन्हा उभे करायला एक जाणकार प्राध्यापक, त्याचे सगळे कुटुंब आणि पाच वर्षे पुरली नाहीत. रोपे दिसत होती तशी वाढत नव्हती असे नाही, ती खाली वाढत होती. पण शंभर वर्षांचे मूळ विकत मिळत नाही.

गुरांबद्दलही त्यांची एक नोंद महत्त्वाची आहे. पूर्वी फक्त अधूनमधून गवत कापले जाणाऱ्या एका जुन्या कुरणात शेतकऱ्याने गाई सोडल्या, तर त्यांनी इतर कशाला तोंड लावण्याआधी सिल्फियम जमिनीपर्यंत खाऊन टाकले. म्हणजे कायम चराई असलेल्या जागी हे झाड का दिसत नाही, याचे कोडे सुटले.

विद्यापीठाच्या जमिनीवरची प्रेअरी

जे एका कुटुंबाला अवघड गेले, ते संस्थेच्या पातळीवर मोठ्या प्रमाणात करून पाहिले गेले. मॅडिसनमध्ये विद्यापीठाने शहराच्या कडेची जुनी शेतजमीन आणि कुरणे घेऊन १९३४ मध्ये वनस्पती उद्यान सुरू केले. लिओपोल्ड त्याच्या संशोधनाचे एक प्रमुख होते. परदेशी झाडांचा संग्रह करण्यापेक्षा, गोरे लोक येण्यापूर्वी विस्कॉन्सिन कसे होते त्याचा नमुना पुन्हा उभा करावा, असा त्यांचा आग्रह होता.

वनस्पतिशास्त्रज्ञ नॉर्मन फॅसेट यांनी सुरुवातीच्या चाचण्या घेतल्या. थिओडोर स्पेरी यांच्या देखरेखीखाली, मंदीच्या काळात सरकारी योजनेत काम करणाऱ्या बेरोजगार तरुणांनी उरल्यासुरल्या प्रेअरीच्या तुकड्यांतून माती-मुळांसकट गड्डे आणून लावले. सुमारे ६० एकरांवर हे काम झाले. पण युरोपातून आलेले कुरणगवत इतके दाट होते की रानफुलांना ते वर येऊ देईना.

उपाय सापडला तो आगीत. जॉन कर्टिस आणि त्यांचे सहकारी मॅक्स पार्च यांनी १९४० च्या दशकात नियंत्रित जाळपट्ट्यांचे प्रयोग केले. हे परदेशी गवत वसंतात लवकर हिरवे होते, त्यामुळे आगीत त्याचे नुकसान होते. प्रेअरीच्या झाडांचा जीव खोल मुळात असतो, ती नंतर जोमाने फुटतात. हे कुरण आज कर्टिस प्रेअरी म्हणून ओळखले जाते आणि जाणीवपूर्वक पुन्हा उभ्या केलेल्या परिसंस्थांपैकी ते जगातले सर्वांत जुने मानले जाते. आज नव्वद वर्षांनंतरही तिथे तण काढणे आणि जाळणे चालूच आहे. काम पूर्ण झाले असे कोणी म्हणत नाही.

पहाटेची नोंदवही

लिओपोल्ड यांचे सर्वांत साधे आणि सर्वांत उपयोगी काम म्हणजे त्यांची नोंदवही. शेतावर ते उजाडण्याआधी उठत, कॉफी घेऊन बाहेर बसत आणि कोणता पक्षी कधी बोलला, कोणते फूल कोणत्या दिवशी उमलले हे लिहीत. १९३५ ते १९४५ या काळातल्या अशा नोंदी त्यांनी सारा एलिझाबेथ जोन्स यांच्यासह १९४७ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केल्या.

त्याच सवयीने त्यांनी एक तुलना केली. एप्रिल ते सप्टेंबर या काळात शहराच्या उपनगरात आणि विद्यापीठाच्या आवारात किती जातींची फुले दिसतात, आणि आडबाजूच्या, मागासलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या शेतावर किती दिसतात? आवारात १२०, शेतावर २२६. महिन्यानुसार पाहिले तर जुलैमध्ये आवारात २५ जाती नव्याने फुलल्या, शेतावर ५६. म्हणजे जी शेती नीटनेटकी नव्हती, तिथे मधमाशीला सबंध हंगाम काही ना काही मिळत होते.

वडिलांच्या नोंदी त्यांची मुलगी नीना यांनी त्याच शेतावर पुढे चालवल्या. दोन्ही काळांची तुलना १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा वसंतातील अनेक घटना आता लवकर घडू लागल्याचे दिसले. हवामान बदलाचा तो एक ठोस पुरावा ठरला. ज्या वहीत हे सापडले, ती वही ठेवताना लिओपोल्ड यांच्या मनात यातले काहीही नव्हते.

अखेर

१९४० च्या दशकात ते शेतावरचे अनुभव निबंधरूपाने लिहीत होते. प्रकाशकांकडून नकार येत होते. तब्येतही बिघडत होती, चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या दुखण्यावर १९४७ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. १४ एप्रिल १९४८ रोजी पुस्तक स्वीकारल्याचा निरोप आला. त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, २१ एप्रिलला, शेजारच्या शेतावर पेटलेली आग वाळल्या गवतातून पसरू लागली. ती विझवायला लिओपोल्ड धावले आणि तिथेच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा मृत्यू झाला. वय ६१ होते.

मुलगा लुना यांनी हस्तलिखिताचे शेवटचे काम पाहिले आणि १९४९ मध्ये पुस्तक निघाले. वाळूच्या प्रदेशातील वर्षभराच्या नोंदींचे हे पुस्तक पुढे २० लाखांहून अधिक खपले. माती, पाणी, वनस्पती आणि प्राणी हे सगळे मिळून एक समाज आहे, माणूस त्याचा मालक नसून एक सभासद आहे, हा त्याचा गाभा. कबरीजवळच्या सिल्फियमचा निबंध त्यातच आहे. त्यांची पाचही मुले जमीन, पाणी आणि सजीवांच्या अभ्यासात गेली.

आपल्या बांधासाठी काय घ्यावे?

सिल्फियम आपले नाही आणि ते इथे आणायचेही नाही. ते त्याच्या मातीसाठी आणि त्याच्या माश्यांसाठी आहे. पण लिओपोल्ड यांच्या अनुभवातून घेण्यासारखे बरेच आहे.

- आधी नोंद, मग विळा: वर्षभर आपल्या बांधावर कोणत्या महिन्यात काय फुलते ते लिहा. एक वही आणि महिन्यातून दोन फेऱ्या पुरेशा आहेत. ज्या महिन्यात काहीच फुलत नाही, तो मधमाशीचा उपासाचा महिना.
- असलेले राखा: जुने, बहुवर्षायू देशी झुडूप किंवा रानफूल बांधावर असेल तर ते सांभाळणे फुकट आहे. नवे लावणे खर्चाचे, वेळखाऊ आणि बेभरवशाचे आहे.
- कापणीची वेळ बदला: फुले संपून बी पडल्यावर कापा. सगळा बांध एकाच वेळी कापू नका, निम्मा या वर्षी, निम्मा पुढच्या वर्षी. काही वाळके दांडे उभे राहू द्या.
- सरसकट तणनाशक नको: मात्र गाजर गवताला दया दाखवू नका. तेही सूर्यफुलाच्याच कुळातले आणि अमेरिका खंडातून आलेले आहे, पण इथे त्याला आवर घालणारे नैसर्गिक शत्रू सोबत आले नाहीत. फुलोऱ्यापूर्वी हातमोजे घालून मुळासकट उपटा.
- जाळू नका: आग प्रेअरीसाठी उपयोगी ठरली, कारण तिथल्या वनस्पती तशा घडल्या आहेत आणि ती प्रशिक्षित लोक आखून लावतात. आपल्या बांधावर जाळल्याने मातीतले जीव, पक्ष्यांची अंडी आणि शेजाऱ्याचे पीक धोक्यात येते.
- फुलोऱ्यात फवारणी टाळा: अगदीच गरज असेल तर मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळी करा. सूर्यफुलात हेक्टरी ४ ते ५ मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्यास चांगला फायदा होतो. पण सूर्यफूल फुलते ते जेमतेम दोन-तीन आठवडे. बाकीचे वर्ष त्या माश्या बांधावरच जगतात.

पुढच्या वेळी बांध साफ करायला मजूर लावाल, तेव्हा त्यांच्या आधी तुम्ही एकदा बांधावरून चक्कर मारून या. जे झाड ओळखता येत नाही, ते कोणाला तरी विचारेपर्यंत उभे राहू द्या. विळा उद्याही चालवता येईल.